भाकरीतलं लोणी

डॉक्टरांनी मला खोटारडा ठरवलं, तिथून सुरुवात करतो. तो शब्द त्यांनी उच्चारला नाही. ते म्हणाले, "पेशंट घरी काय खातो ते आम्हाला त्याचं रक्त सांगतं. तोंड सांगत नाही." अर्थ तोच.

समोर टेबलावर माझ्या रक्ताचा रिपोर्ट पडला होता. तीन महिन्यांपूर्वी कोलेस्टेरॉल तीनशे अठ्ठावीस होतं. अडीचशेच्या आत पाहिजे, असं याच डॉक्टरांनी मला याच खुर्चीत बसवून सांगितलं होतं. आता ते तीनशे एक्कावन्न झालं होतं. मधल्या काळात मी तुपाला शिवलो नव्हतो. अंडं नाही, मटण नाही, ओलं-सुकं खोबरं नाही. सकाळ-संध्याकाळ कॅप्सूल घेत होतो. काम सुटल्यावर पाटाच्या कडेने चालत होतो. आणि आकडा उतरायचा सोडून चढला होता.

"मी सगळं पाळलंय," मी म्हणालो.

"सगळेच पाळतात," डॉक्टर म्हणाले आणि चिठ्ठीवर कॅप्सूल दुप्पट केल्या.

मी तेव्हा साखर कारखान्याच्या काट्यावर होतो. उसाची भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन होतं, रिकामी परत येते, वजन होतं, वजाबाकी होते. या कामात दोन्हीकडून शिव्या खाव्या लागतात. शेतकरी म्हणतो तुम्ही वजन मारलं, कारखाना म्हणतो तुम्ही वाढवून दिलं. तिथे टिकायचं तर काटा जे दाखवील तेच बोलायचं, अर्धा किलो इकडे नाही की तिकडे नाही. मी तसा टिकलो होतो. अशा माणसाला नगरच्या दवाखान्यात बसून कोणी सांगावं की तू खाऊन येतोस आणि नाही म्हणतोस! एस.टी.ने परत येताना राहुरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते.

या दुखण्याचा मला एवढा धसका का, तेही सांगायला हवं. माझे थोरले भाऊ कर्जतकडे आमच्या गावी शेती करायचे. पन्नाशीसुद्धा पाहिली नाही. पेरणीच्या वेळी छातीत कळ आली. वायू धरला म्हणून त्यांना ओवा चावायला दिला, पाठीला तेल चोळलं, आणि गाडी जुंपेपर्यंत ते गेले. अंगाने माझ्यासारखेच काटक, शेलाटे. चरबी म्हणून दिसायला कुठे नव्हती. पुढे काट्याच्या खोलीच्या पायऱ्या चढताना माझ्याही छातीवर कोणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालं, तेव्हा मी ओवा चावला नाही. कारखान्याच्या दवाखान्यात गेलो. त्यांनी नगरला पाठवलं. तिथे छातीची पट्टी काढली, रक्त घेतलं, आणि कोलेस्टेरॉल हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. डॉक्टर म्हणाले, काहींच्या घराण्यातच असतं हे. वरून दिसत नाही. आत नळीला गाळ धरतो.

गाळ मला कळला. पाटाला दरवर्षी धरतो. काढला नाही तर टोकाच्या शेताला पाणी पोचत नाही. मी ठरवलं की आपण काढायचा.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. ज्यांनी तो पाहिला त्यांना वर्णन नको, ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून पटायचं नाही. आमच्या बाजूला निदान पाटाचं थोडं पाणी होतं आणि थोडाफार ऊस होता. जामखेडकडे तेही नव्हतं. तिथे माझी सासुरवाडी. सासरे पूर्वीच वारलेले. मेहुणा बायको घेऊन ऊसतोडीला लांब निघून गेला. मागे राहिल्या सासूबाई आणि त्यांची म्हैस. विहिरीचा तळ दिसायला लागला, कडब्याची पेंढी दिसेनाशी झाली, तेव्हा माझ्या पहिल्या रिपोर्टनंतर पंधरवड्याच्या आत त्या म्हैस घेऊन आमच्या दारात आल्या. एका ट्रकवाल्याला हातापाया पडून त्यांनी म्हैस वर चढवली होती. कारखान्याच्या भोवती उसाचे शेंडे मिळायचे. त्याला वाढं म्हणतात. वाढ्यावर जनावर तगतं.

आमच्याकडे लेकीच्या घरी आईने राहणं बरं दिसत नाही. जुनी माणसं तर लेकीच्या दारी पाणीही जपून पितात. सासूबाई साठीच्या पुढच्या. त्या आल्या त्या दिवशी उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हत्या.

"म्हस जगली का म्या जाते, जावयबापू," त्या म्हणाल्या. "माझं काय, कुटंबी पडन. मुक्या जनावराचं बगवंना म्हून आले."

"मामी, घर तुमचंच आहे," मी म्हणालो. मी त्यांना मामी म्हणायचो.

"घर तुमचं. आमी म्हशीसंगं आलेली मानसं."

आमची सोय अशी लागली की म्हशीचं सगळं त्यांनी पाहायचं आणि सकाळच्या भाकरी त्यांनी थापायच्या, कारण त्यांना रिकामं बसवत नव्हतं. मला त्यात गैर काही दिसलं नाही. मी घरात सगळ्यांना एकत्र बसवून माझं पथ्य सांगितलं होतं. तूप नाही, लोणी नाही, साय नाही. भाजी करडईच्या तेलात, तीही बेताची. करडईचं तेल म्हटल्यावर मामींनी नाक मुरडलं.

"करडईचं? ते तर आमच्यात गडीमानसाला वाढत्यात. नगरच्या डाक्टरला येवढं शिकून करडईच घावली व्हय?"

मुलं हसली, मीही हसलो. तेव्हा मला हसू येत होतं.

चालण्याचा भाग सगळ्यात अवघड निघाला. चालायला जड जात नव्हतं, लोकांना तोंड देणं जड जायचं. आमच्याकडे कामाशिवाय कोणी चालत नाही. पहिल्या आठवड्यात निम्म्या गावाने मला सायकलवर घ्यायचा प्रयत्न केला. "काटेवाले, बसा मागं. चालत का निघालात? घरात वाजलं का?" मी नको म्हणालो की ते समजुतीने मान हलवून पुढे जायचे. माझं घरात वाजलंय ही बातमी माझ्या आधी घरी पोचायची. आणि त्याच रस्त्याने संध्याकाळी बाया दुष्काळी कामावरून परतत असायच्या, डोक्यावर घमेलं, पायांना धुळीचे मोजे चढलेले. त्यांतल्या एकीने एकदा मला विचारलं, "तुमी कंच्या सेंटरला हाय, दादा?" सेंटर म्हणजे दुष्काळी कामाची जागा. दिवसभर खडी फोडून आलेल्या बाईला मी काय सांगणार होतो? माझ्या रक्तात चरबी जास्त झालीय म्हणून मी ती जिरवायला चालतोय, असं? ज्या वर्षी लोक कामावर मिळणारी सरकारी सुकडी खाऊन दिवस काढत होते त्या वर्षी मी हे सांगणार होतो? मी म्हणालो, "काट्यावर." तेही खोटं नव्हतं. पण मला राग आला, आणि तो कोणावर काढावा हे कळेना. शरीराला दुष्काळ कळत नाही. माझ्या रक्ताला तर अजिबातच कळला नव्हता.

असे तीन महिने गेले, आणि मग तो तीनशे एक्कावन्नचा रिपोर्ट आला आणि कॅप्सूल दुप्पट झाल्या.

दुप्पट कॅप्सूलने माझी अवस्था वाईट केली. सकाळी मळमळ. जेवणावरची वासना गेली. पिंढऱ्यांत असे गोळे यायचे की काट्यावर उभं राहून मला टेबल धरावं लागायचं. बायको बघत होती. मामीही बघत होत्या.

"लई गरम औशिद हाय त्ये," मामी लेकीला म्हणाल्याचं मी ऐकलं. "आत आग पडली. बाहेर गोळं येनारच."

मी लक्ष दिलं नाही. इंग्रजी औषध गरम पडतं, हे आमच्याकडे प्रत्येकजण म्हणतो. त्यावर दूध घ्या, ताक घ्या, सब्जा घ्या, असंही म्हणतो. म्हणणाऱ्याला म्हणू द्यावं.

मी घरातून भाकरी नेत असे. त्या वर्षी आमच्या घरी रेशनचा तांबडा मिलो असायचा. परदेशातून आलेलं ते धान्य. त्याची भाकरी थापताना तुटायची आणि गार झाली की चामड्यासारखी व्हायची. काट्यावरच्या सगळ्यांच्या डब्यात तीच भाकरी, आणि सगळ्यांच्या तोंडी तीच कुरकुर. माझी भाकरी मात्र मऊ असायची. दुपारपर्यंत मऊ राहायची. मी घरी जाऊन कौतुकही केलं होतं, "मामींच्या हाताला गुण आहे. मिलोसुद्धा ज्वारीसारखा लागतो." मामींनी पदर पुढे ओढला होता. मला वाटलं, लाजल्या.

एक दिवस माझ्याबरोबर काट्यावर बसणारा सोबती माझ्याकडे बघत बसला. माणूस टवाळ, पण डोळा तयार.

"राव, एक विचारू?" तो म्हणाला. "वहिनी भाकरीला वंगण लावतात का? आपल्या काट्याच्या सांध्याला लावतो तसं?"

"काय बोलतोस?"

"कागद बघा की."

भाकरी वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. मी कागद उचलून खिडकीकडे धरला. जिथे भाकरी टेकली होती तिथे कागद आरपार झाला होता. पलीकडची उसाची गाडी दिसत होती, बैलाची शिंगं दिसत होती. भाजी वेगळ्या डब्यात होती आणि डबा कोरडा होता. सोबत्याची भाकरीही कागदातच होती. त्याचा कागद मी मागून घेतला आणि तसाच खिडकीला लावला. छापलेली अक्षरं दिसली, पलीकडचं काही नाही.

मी भाकरी मोडली. बोटांवर चोळली. वास घेतला. साय आणि लोणी. पिठातच मळलेलं. कोणाला दिसू नये, जिभेला कळू नये, अशा बेताने मळलेलं.

"लावतात वाटतं वंगण," सोबती म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने आपला डबा झाकला.

मी काटा दुसऱ्याच्या हवाली करून घरी निघालो. त्या दिवशी मी कसा चाललो ते आठवत नाही. पिंढऱ्यांत गोळे होते की नव्हते तेही आठवत नाही. दारात म्हैस रवंथ करत उभी होती. मामी तिच्या अंगावरचं शेण काढत होत्या. मी तो कागद त्यांच्या पुढे धरला.

"हे काय आहे?"

त्यांनी कागदाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

"वाईच लोनी हाय," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

उत्तर आतून बायकोने दिलं. "आई आल्यापासून."

"तुला माहीत होतं?"

"माहीत होतं."

मी आयुष्यात घरात एवढ्या मोठ्याने बोललो नव्हतो. शेजारचे लोक कुंपणाशी आले. मी काय बोललो ते सगळं लिहीत नाही, लिहिण्यासारखं नव्हतं. मुद्दा एवढाच होता की मी दिवसातून दोनदा एका हाताने औषध घेत होतो आणि दुसऱ्या हाताने विष, आणि दुसरा हात माझा नव्हता.

"इख?" मामी ताठ झाल्या. "म्हशीच्या लोन्याला इख म्हनता? त्या गोळ्या जाळाय लागल्या तुमास्नी. त्येच्यावर गार काय तरी पोटात जायला पायजे का न्हाई? डाक्टरनं गोळी वाढवली, म्या लोनी वाढवलं. न्हाई तर आतडी करपली असती तुमची!"

तेव्हा मला सगळा फेरा दिसला. लोण्याने आकडा चढला. आकडा चढला म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवली. गोळीने पायांत गोळे आले. गोळे दिसले म्हणून मामींनी लोणी वाढवलं. आता पुढच्या खेपेला आकडा आणखी चढणार, आणि डॉक्टर आणखी गोळी देणार. शहाणी म्हणवणारी दोन माणसं मला दोन्ही टोकांनी ओढत होती. दोघांचा हेतू मला वाचवण्याचा होता. आणि दोघांपैकी एकानेही दुसऱ्याला विचारलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलं?" मी बायकोला म्हणालो.

"सांगितलं असतं तर तुम्ही खाल्लं असतं का?"

"नाही."

"मग?"

हे 'मग' मला आजही सहन होत नाही. बायकांच्या तोंडून येणारा हा एक शब्द म्हणजे सगळा न्याय झाला असं त्यांना वाटतं. मी तिला विचारलं, माझ्या थोरल्या भावाच्या बायकोचं कपाळ तुला दिसत नाही का? ती रडायला लागली. मामींनी दाव्याला हात घातला.

"चल गं बाई," त्या म्हशीला म्हणाल्या. "आपलं दानापानी हितलं सरलं."

"कुठं जाता?"

"जामखेडला."

"तिकडे खायला काय आहे हिला?"

"मरंल तिकडंच. पन कुनाला इख घालून न्हाई मरनार."

बायकोने दावं धरलं, मामींनी ओढलं, आणि दोघींच्या मध्ये म्हैस शांतपणे वाढं खात राहिली. मग ओढता ओढता मामी जे बोलल्या ते मला पूर्वी कळलं नव्हतं आणि कळल्यावरही माझा राग कमी झाला नाही.

"लेकीच्या घरचं फुकाट किती गिळायचं मानसानं? माझ्यापाशी दुसरं काय हाय द्यायला? दूध हाय, लोनी हाय. प्वारांस्नी देते, तिला देते. तुमच्याच ताटात तेवढी कोरडी भाकर टाकू? ज्येच्या घरात ऱ्हाते त्येलाच कोरडी?"

कुंपणाशी उभे असलेले शेजारी हे ऐकून त्यांच्या बाजूचे झाले. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. म्हातारी जिवापाड करते आणि हा कागद नाचवतो. मी म्हणालो, "मामी, जायचं तर जा, मी अडवत नाही. पण आधी माझ्याबरोबर नगरला चला. जे मला सांगता ते डॉक्टरला सांगा."

मला वाटलं होतं त्या नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "चला. घाबरते का काय मी डाक्टरला?"

दवाखान्याचा व्हरांडा माणसांनी भरलेला होता. खेड्यांतून आणलेली पोरं आयांच्या मांडीवर निपचित पडली होती. आमचा नंबर उशिरा लागला. मी डॉक्टरांसमोर आरपार झालेला कागद ठेवला आणि सगळं सांगितलं.

ते हसले. मी त्यांना त्याबद्दल कधीही माफ केलं नाही. "म्हणजे माझा अंदाज बरोबर होता," ते म्हणाले. "तुम्ही खात होतात."

"मला खाऊ घालत होते. तुम्ही म्हणालात मी खोटं बोलतो."

"अहो, मी काय तुमच्या घरात येऊन परातीत डोकावू?"

"डोकावू नका. पण विचारायला काय झालं होतं? भाकरी कोण करतं, पीठ कशात मळतं, एवढं विचारलं असतं तर तुमची गोळी दुप्पट झाली नसती. पथ्य तुम्ही मला सांगितलंत. माझी बायको दोन्ही वेळा बाहेर बाकावर बसली होती. स्वयंपाक मी करतो का?"

डॉक्टरांना अशा बोलण्याची सवय नव्हती. त्यांनी पेन खाली ठेवलं. बाहेर एक पोर रडत होतं. ते दमलेले होते, डोळे लाल होते. मला ते दिसलं, पण ते बघून माझं वाक्य मी मागे घेतलं नाही. मग ते मामींकडे वळले.

"आजी, तूप-लोणी यांना बंद सांगितलं होतं ना?"

"तूप कुटं दिलं? तुपाचा थेंब न्हाई दिला," मामी म्हणाल्या. "लोनी दिलं. आता तुमीच सांगा, तुमची गोळी गरम हाय का न्हाई?"

"नाही."

"मग गोळं कशानं येत्यात पायात?"

"गोळी जास्त झाली की येतात."

"मग जास्त का दिली?"

"तुम्ही लोणी दिलंत म्हणून."

डॉक्टरांनी कॅप्सूल पुन्हा पूर्वीइतक्या केल्या. या वेळी त्यांनी पथ्य मला सांगितलं नाही. मामींना सांगितलं, एकेक पदार्थ घेऊन, साध्या भाषेत. म्हशीच्या दुधातली चरबी रक्तात उतरते आणि नळीत बसते, हे त्यांनी बोटाने टेबलावर रेघ ओढून दाखवलं. हे सगळं मिळून चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात झालं. मग तेवढा वेळ पहिल्या दिवशी का नव्हता? मी तिथे हे विचारलं नाही. बाहेरची पोरं बघून विचारलं नाही. पण प्रश्न चुकीचा नव्हता.

परतीच्या एस.टी.त मामी खिडकीकडे तोंड करून बसल्या. त्या जामखेडला गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात मिलोची अशी भाकरी पडली की तिचा कोपरा हिरडीत घुसला.

"चावा," त्या म्हणाल्या.

मी चावली. आम्ही दोघंही रागात होतो, आणि त्या रागावर घर नीट चाललं. लोणी मुलांच्या ताटात जायला लागलं. मामी मात्र स्वतः कोरडं खायला लागल्या, चुलीकडे तोंड करून, कोणाला दिसणार नाही असं. आणि काही दिवसांनी त्या सकाळी उठून खडी फोडायला जायला लागल्या. साठीच्या पुढची बाई! मी पुन्हा भडकलो. माझ्या घरातलं माणूस दुष्काळी कामावर, काटेवाल्याची सासू, हे लोकांनी बघायचं का?

"मामी, मी तुम्हाला काही कमी करतो का?"

"न्हाई."

"मग लोक काय म्हणतील?"

"तुमी रोज रिकामं फिरता, त्येला लोक काय म्हनत्यात?" त्या म्हणाल्या. "डाक्टरनं तुमास्नी चालाय सांगितलं, मला देवानं. म्या निदान घमेलं तरी घिऊन चालते."

यावर बायको पदर तोंडाला लावून हसली. मला हसू आलं नाही. संध्याकाळी त्या येताना सुकडी पदरात बांधून आणायच्या आणि नातवंडांपुढे ठेवायच्या. मजुरीचे पैसे लेकीच्या हातात द्यायच्या. लेक घेत नव्हती. मग त्या फळीवरच्या डब्यात टाकायच्या आणि आपण काही टाकलंच नाही असं दाखवायच्या.

पायांतले गोळे गेले. मळमळ गेली. काट्याच्या पायऱ्या चढताना छातीवर पाटा येईनासा झाला. गाळप हंगाम संपला, उन्हाळा कसाबसा सरला. पाऊस पडून जामखेडकडे हिरवं दिसायला लागलं तेव्हा ऊसतोडीनंतर तिकडेच मजुरीला राहिलेला मेहुणा परतला आणि आईला न्यायला आला. त्याच दिवशी मी चौथ्यांदा नगरला गेलो होतो. रिपोर्ट मिळाला होता. दोनशे बासष्ट. अडीचशेच्या आत नाही, पण जवळ. डॉक्टर म्हणाले, असंच ठेवा, गोळी बंद करू नका, आयुष्यभर सांभाळायचं आहे. त्यांनी या वेळी माझ्या बायकोला आत बोलावलं.

घरी आलो तेव्हा मामी निघायच्या तयारीत होत्या. म्हैस ट्रकमध्ये चढवायची होती. मेहुणा ट्रकवाल्याशी घासाघीस करत होता. मामींनी मला बाजूला घेतलं.

"किती आलं?" त्यांनी विचारलं. त्यांना तो आकडा कधी समजला होता की नाही, कोण जाणे. पण चढणं-उतरणं समजत होतं.

"दोनशे बासष्ट."

"उतरलं?"

"पुष्कळ उतरलं."

"लोनी बंद केलं म्हून?"

"लोणी बंद केलं, गोळी चालू राहिली, चाललो. तिन्हीमुळे."

त्यांनी पदर खोचला. मग मान वर केली.

"म्हंजी तवा म्या मारत हुते व्हय तुमास्नी, जावयबापू?"

बायको माझ्या मागे उभी होती. तिने माझ्या सदऱ्याची पाठ धरून ओढली. 'नाही म्हणा' याचा तो इशारा होता. मेहुणा ट्रकवाल्याला सोडून आमच्याकडे बघत होता. 'नाही' म्हणणं सोपं होतं. सगळ्यांना बरं वाटलं असतं. पण त्या आता जामखेडला जाणार होत्या. तिकडे त्यांचा मुलगा होता, सून-नातवंडं होती, भावकी होती, आणि उद्या कोणाच्या छातीत कळ आली की त्या सगळ्यांत वडीलधारी म्हणून याच सल्ला देणार होत्या. मी 'नाही' म्हणालो असतो तर त्यांनी तिथेही कोणाच्या पिठात लोणी मळलं असतं.

"होय," मी म्हणालो.

त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी पाहिलं, आणि तरी नजर काढली नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "कळलं."

मेहुण्याने हाक मारली. त्यांनी म्हशीचं दावं हातात घेतलं आणि ट्रकच्या फळीकडे गेल्या. म्हैस फळीवर पाय ठेवायला तयार नव्हती. मी मागून तिला रेटा दिला. ट्रक निघाल्यावर बायको माझ्याशी बोलली नाही, पुढचे काही दिवस नुसत्या भाकरीच वाढत राहिली. मी त्या उजेडाकडे धरून पाहिल्या नाहीत. गरज नव्हती.

दिवाळीत मेहुणा आला तेव्हा त्याने सांगितलं की माझे चुलत सासरे छातीत दुखतंय म्हणून ओवा मागत होते, तर मामींनी त्यांच्या हातातला ओवा फेकून दिला आणि त्यांना जबरदस्तीने नगरच्या एस.टी.त बसवलं. सगळी भावकी मामींवर संतापली.

"काय म्हणाल्या त्या?" मी विचारलं.

"म्हनली, जावयानं तोंडावर सांगितलं तवा कळलं. तुमी माझ्यावर रागवा, पन आदी रगात दाखवून या."